आधी कॅबर्नेचा मणी चावा, मग करारावर सही करा



द्राक्षाच्या गावांत बैठकीला गेलो की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. कांदा, वीज, कर्ज हे सगळे बोलून झाले की कोपऱ्यातला एखादा तरुण उठतो आणि विचारतो, ‘साहेब, वाईनच्या द्राक्षाचे काय? कंपनीची माणसे आली होती. कलमे देतो म्हणतात, भाव लिहून देतो म्हणतात. कॅबरनेट लावा म्हणतात. लावू का?’

आम्ही उलट विचारतो, ‘ते द्राक्ष तू कधी खाल्ले आहेस का?’

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच असते. बैल घ्यायचा तर आपण दात मोजतो, चालवून बघतो, चार माणसांना दाखवतो. आणि वीस-पंचवीस वर्षे जमिनीत उभा राहणारा वेल मात्र चव न घेता, नावसुद्धा धड न उच्चारता लावायला निघतो. नावाचे म्हणाल तर मूळ फ्रेंच उच्चार ‘कॅबर्ने सॉव्हिन्याँ’ असा, शेवटचा ट गिळायचा. आपल्याकडे तो ट कुणी गिळत नाही. त्याने भावात काही फरक पडत नाही, म्हणून तो वाद सोडून देऊ.

या प्रश्नावर बोलण्याआधी आम्हाला एक कबुली द्यायची आहे. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूरला आणि पलूसला वाईन पार्क निघाले. आम्ही तेव्हा कृषी पदवीचा ताजा कागद घेऊन गावोगाव फिरत होतो. आम्हीच शेतकऱ्यांना सांगितले की वाईनची जात लावा. या जातीला जीए नको, मण्यांची विरळणी नको, घड बुडवायला मजूर नकोत, मणी जेवढा बारीक तेवढा चांगला. हे सगळे खरे होते, आजही खरे आहे. पण एक गोष्ट आम्ही सांगितली नाही, कारण ती आम्हाला सुचलीच नव्हती. कंपनीने माल उचलला नाही तर त्याचे करायचे काय?

२००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, जगभर मंदी होती, हॉटेले ओस पडली. २००९ च्या हंगामात घड पिकले आणि गाड्या आल्या नाहीत. ज्यांच्या आल्या त्यांचे पैसे आले नाहीत. थॉमसनची बाग असती तर बेदाणा केला असता, रस्त्याकडेला पाटीत घालून विकली असती, काही नाही तर पाहुण्यांना वाटली असती. कॅबर्ने कुणाला वाटणार? एका शेतकऱ्याने आमच्या हातात घड दिला आणि एवढेच म्हणाला, ‘घ्या, खा.’ आम्ही चार मणी खाल्ले. जीभ आखडली. पुढल्या वर्षभरात त्या बागांवर कुऱ्हाड चालली, काहींनी त्याच खोडावर खायच्या जातीचे कलम बांधले. त्या चार मण्यांपासून आमचा खरा अभ्यास सुरू झाला. कॉलेजात झाला तो परीक्षेपुरता.

तर या द्राक्षाची ओळख करून घेऊ.

हा वेल फ्रान्सच्या नैर्ऋत्येचा, बोर्डो मुलखातला. त्याचे आईबाप कोण हे तीनशे वर्षे कुणाला ठाऊक नव्हते. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात डीएनए तपासून १९९६-९७ च्या सुमारास ते शोधले गेले. कॅबर्ने फ्राँ ही काळी जात आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ ही पांढरी जात, या दोघांचा हा संकर. पांढरी जात नाशिकच्या पुष्कळ बागांत उभी आहे, म्हणजे या घराण्याशी आपली ओळख आधीचीच. हा संकर कुणा शास्त्रज्ञाने केलेला नाही. शेजारी शेजारी लावलेल्या वेलींत वाऱ्याने परागकण उडाला, एक बी पडले, रुजले, आणि कुणा शेतकऱ्याला तो वेल बरा वाटला म्हणून त्याने त्याच्या काड्या लावल्या. आज जगात तीन लाख हेक्टरांहून जास्त कॅबर्ने आहे. वाईनच्या कुठल्याही जातीपेक्षा जास्त. ती सगळी त्या एका वेलाच्या काडीची काडी. शेतकऱ्याच्या नजरेने केलेली ही निवड आहे. आपल्याकडे तासगाव भागात एका शेतकऱ्याच्या नजरेने ‘तास-ए-गणेश’ निघाली, तिची ही थोरली बहीण समजा.

कॅबर्नेचे पान ओळखायला सोपे. पाच खोल खाचा असतात आणि खाचांच्या कडा एकमेकींवर येतात, त्यामुळे पानाला कुणी भोके पाडल्यासारखे दिसते. घड लहान, मोकळा. मणी वाटाण्याएवढा, निळसर काळा, साल जाड, आत बिया. गर थोडा आणि साल-बी जास्त, यातच या द्राक्षाची सगळी किंमत आहे. थॉमसनमध्ये आपण जे दोष मानतो ते इथे गुण ठरतात.

कारण असे. काळ्या द्राक्षाचा रस काळा नसतो. मणी पिळून पाहा, रस जवळजवळ पांढरा निघतो. रंग सालीत असतो आणि तुरटपणा साल आणि बी दोन्हींत. लाल वाईन करायची तर रस सालीसकट आंबवावा लागतो. आंबताना साल वर येते, जाड साय धरावी तशी, आणि ती दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावी लागते, म्हणजे रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. सुपारी किंवा हिरडा चघळल्यावर तोंड आखडते, तोच हा गुण. हा तुरटपणा नव्या वाईनमध्ये बोचतो, पण वाईन टिकते ती पुष्कळशी त्याच्याच जोरावर. बोर्डोत ती २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात ठेवतात, तिथे धार कमी होते. वासाला फ्रेंच लोक त्यांच्याकडच्या काळ्या बोरासारख्या फळाची उपमा देतात. ते फळ आपण पाहिलेले नाही. आम्हाला विचाराल तर पिकले जांभूळ, आणि मागून थोडे करवंद.

हे झाले पिकलेल्या मालाचे. कच्च्या कॅबर्नेला ढोबळी मिरचीचा वास येतो. ही उपमा नव्हे, ढोबळी मिरचीत ज्या द्रव्याचा वास असतो तेच द्रव्य या द्राक्षात असते. घडाला ऊन लागले, मणी नीट पिकला की ते कमी होते. म्हणून या बागेत पानांची गर्दी चालत नाही. वेल तारांवर भिंतीसारखा सरळ उभा वाढवायचा आणि घडाजवळची पाने वेळेवर काढायची. बोर्डोत हे द्राक्ष उशिरा फुटते, उशिरा पिकते, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात तोडणी होते. त्यांना थंडीची भीती असते की पिकेल की नाही. आपली गोष्ट उलटी आहे. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून आपण एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करून त्याला शिस्त लावतो. तोडणी येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना. साखर भराभर वाढते, आंबटपणा भराभर उतरतो, आणि साल-बी मात्र मागे राहतात. ब्रिक्स मीटर २३ दाखवतो आणि बी चावली तर हिरवी, कडू. माल पिकला की नाही हे नुसत्या मीटरवर ठरत नाही. बी तपकिरी झाली पाहिजे, दाताखाली कुरकुरली पाहिजे. कंपनीचा जाणता वाईनवाला बी चावूनच पाहतो. आपणही तेच शिकायचे आहे, कारण भाव ठरतो तो तिथे.

कुणी म्हणेल, हे परक्या मुलखाचे पीक, आपले त्याच्याशी नाते काय? नाते जुने आहे आणि ते प्रत्येक बागाइतदाराच्या फवारणीच्या पिंपात आहे. मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाला आपण बोर्डो म्हणतो, ते नाव याच मुलखाचे. तिथल्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद-चुना शिंपडत. कशासाठी? येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षे तोडून खाऊ नयेत, निळी पाने पाहून विष मारले आहे असे वाटावे म्हणून! १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आले की सगळी बाग केवड्याने झडली आहे आणि रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्या आहेत. १८८५ मध्ये त्याने ते औषध म्हणून जाहीर केले. शोध प्राध्यापकाच्या नावावर गेला, शिंपडणाऱ्याचे नाव कुणाला माहीत नाही. त्याच काळात मुळाच्या फायलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा उठल्या, तेव्हा त्यांनी अमेरिकी रानद्राक्षाच्या खुंटावर कलमे बांधून बागा पुन्हा उभ्या केल्या. आपला डॉगरिज खुंटही अमेरिकी रानद्राक्षाचाच. तेव्हा परके-आपले हा भेद वेलाला नाही.

भेद आहे तो बाजारात, आणि बोर्डोकडून शिकायचे ते तिथेच. बोर्डोची कीर्ती शेतकऱ्याने केली, पण पैसा बराच काळ नदीकाठच्या शार्त्रों भागातल्या पेढ्यांकडे गेला. शेतकरी पिंपाने वाईन विकायचा, व्यापारी ती आपल्या तळघरात नेऊन बाटलीत भरायचा आणि बाटलीवर वाटेल ते नाव लावायचा. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या वाईनची प्रतवारी केली, ती दलालांनी केली, आणि कुणाला किती भाव मिळतो यावरून केली. आजही तीच प्रतवारी चालते. १७० वर्षांत वरच्या वर्गात बढती मिळाली ती एकाच घराण्याला, १९७३ साली. त्याच घराण्याने १९२४ मध्ये ठरवले होते की आमची सगळी वाईन आमच्याच आवारात बाटलीत भरली जाईल. संघटनेने चतुरंग शेतीत जिला ‘माजघर शेती’ म्हटले ती हीच. फरक एवढाच की ते घराणे बड्या बँकवाल्यांचे होते. त्यांच्या माजघरात पिंपे, तळघर आणि भांडवल सगळे होते.

ज्यांच्याकडे भांडवल नव्हते त्यांचे काय झाले ते दक्षिण फ्रान्समध्ये पाहायला मिळते. तिकडे कॅबर्ने नव्हती, भरपूर पिकणाऱ्या साध्या जाती होत्या. बाजारात साखरपाण्याची बनावट वाईन आली, मालही उदंड झाला, भाव कोसळला. १९०७ च्या मार्चमध्ये आर्झेलिये गावचा मार्सेलँ आल्बेर, एक छोटा बागाइतदार, ८७ जणांना घेऊन नार्बोन गावी गेला. ९ जूनला माँपेलिए शहरात जमलेल्या शेतकऱ्यांचा अंदाज पाच लाखांच्या वर सांगतात. सरकारने फौज पाठवली. नार्बोनमध्ये गोळीबार झाला, सहा माणसे मेली. त्याच मुलखातली पोरे असलेल्या सतराव्या पलटणीने बंड केले. आल्बेर पॅरिसला जाऊन पंतप्रधान क्लेमांसोला भेटला. क्लेमांसोने त्याचे ऐकून घेतले, परतीच्या गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँकची नोट हातात दिली आणि ती बातमी वर्तमानपत्रांना सांगितली. झाले! नेता विकला गेला म्हणून आपल्याच माणसांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ही शंभर फ्रँकची गोष्ट विसरू नये. पण आंदोलन वाया गेले नाही. २९ जून १९०७ ला बनावट वाईनविरुद्ध कायदा झाला. प्रत्येकाला आपले पीक किती निघाले ते जाहीर करणे बंधनकारक झाले. त्याआधी १९०१ मध्येच माराउसाँ गावच्या लहान शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सामाईक तळघर काढले होते आणि पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक संस्थांना थेट वाईन विकायला सुरुवात केली होती. मधला व्यापारीच गाळला.

आता कुणी समजू नये की बोर्डोचा शेतकरी आज सोन्याच्या ताटात जेवतो. डिसेंबर २०२२ मध्ये तिथले बागाइतदार बोर्डो शहरात मोर्चा घेऊन उतरले. मागणी काय, तर आमच्या बागा उपटायला पैसे द्या. वाईनचा खप घटला, विशेषतः लाल वाईनचा, साध्या बोर्डोला खर्चही निघेना. २०२३ मध्ये सरकारने हेक्टरी ६००० युरो देऊन सुमारे साडेनऊ हजार हेक्टर बागा काढायची योजना आणली. त्याच वर्षी पडून राहिलेली वाईन उकळून अल्कोहोल करण्यासाठी वीस कोटी युरो खर्चायचे ठरले. ज्या मुलखाचे नाव जगभर बाटल्यांवर मिरवते तिथे ही गत. आपल्याकडे बाग उपटायला २००९ मध्ये कुणी सहा हजार युरो दिले नाहीत, जेसीबीचे भाडे शेतकऱ्यानेच भरले.

आणि एक गोष्ट. बोर्डोचा शेतकरीसुद्धा एकट्या कॅबर्नेवर विसंबत नाही. त्या मुलखात कॅबर्नेपेक्षा मर्लो ही लवकर पिकणारी जात जास्त आहे. एक हुकली तर दुसरी हात देते, आणि वाईनही दोघींच्या मिश्रणाची करतात. आपल्याकडे कंपनीचा माणूस येतो आणि सगळी पाच एकर एकाच जातीने भरा म्हणतो. त्याला त्याच्या टाकीचे पडले आहे.

आमचे मत विचाराल तर कॅबर्ने लावूच नका असे आम्ही म्हणणार नाही. १९७६ साली पॅरिसमध्ये डोळे झाकून, म्हणजे बाटलीवरचे नाव झाकून, फ्रेंच परीक्षकांनी वाईन चाखल्या तेव्हा लाल वाईनमध्ये कॅलिफोर्नियाची कॅबर्ने पहिली आली, बोर्डो मागे राहिली. चांगला माल कुठल्या मातीत निघेल ते आधी कुणी सांगू शकत नाही. मुरमाड, पाण्याचा निचरा होणारे रान आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री आपल्याकडेही आहेत. आमचे भांडण वेलाशी नाही, कागदाशी आहे.

कागदात काय असते ते पाहा. भाव किलोला लिहिलेला असतो आणि ब्रिक्सची अट असते. समजा तुमचा माल २० ब्रिक्सला आला. कंपनी म्हणते, आठ दिवस थांबा, २२ होऊ द्या. त्या आठ दिवसांत वेल नवी साखर फारशी भरत नाही, मणी उन्हाने सुकतो, पाणी उडते. ढोबळ हिशेब करा. हजार किलो मालात २० टक्क्याने २०० किलो साखर. तीच २०० किलो साखर २२ टक्के व्हायची तर वजन ९०९ किलोवर आले पाहिजे. ९१ किलो तुमचे गेले, साखर कंपनीला तेवढीच मिळाली. त्या आठ दिवसांत गारा पडल्या तर माल तुमचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कुणी विसरले नसेल. वर एकरी उत्पन्न थॉमसनच्या निम्म्याहून कमी ठेवा, नाहीतर प्रत बिघडते, हीही अट असते. प्रत बिघडते हे खरे आहे, आम्ही ते नाकारत नाही. पण उत्पन्न कमी ठेवायची अट घालणाऱ्याने भाव किलोने का द्यावा? एकराने द्यावा.

एका बाटलीत ७५० मिलिलिटर वाईन असते आणि तिला सव्वा किलोच्या आसपास द्राक्षे लागतात. बाटलीवरची छापील किंमत वाचा आणि शेजारी सव्वा किलोचा तुमचा भाव लिहा. मधल्या रकमेत पिंप, बाटली, बूच, कर, दुकानदार, जाहिरात सगळे आहे, ते फुकट होत नाही हेही आम्हाला कळते. पण सरकार वाईनला सवलत देते, विक्रीकराचा मोठा हिस्सा परत करते, तो वाईनरीला. ‘शेतकऱ्यांच्या हितासाठी’ हे शब्द त्या आदेशात असतात, पैसा मात्र वाईनरीच्या खात्यात जातो. नाशिकच्या वाईनला भौगोलिक नाव मिळाले आहे, त्याचाही अभिमान बाळगू, पण त्या नावात शेतकऱ्याच्या किमान भावाची एक ओळ नाही.

मायबहिणींना वेगळे सांगायचे आहे. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचे ठरवले तेव्हा काही पुढाऱ्यांनी ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असे सांगून शेतकऱ्याला पुढे केले. आम्हाला ते पटले नाही. कॅबर्नेच्या वाईनमध्ये साडेबारा-चौदा टक्के अल्कोहोल असते, ती दारूच आहे. ज्या गावांत बायांनी दारूच्या दुकानांवर मोर्चे काढले, त्या गावांत आम्ही तोंड वर करून खोटे बोलणार नाही. ऊस पिकवणाऱ्याच्या मळीची दारू होते, त्याचा जाब उसाच्या शेतकऱ्याला कुणी विचारत नाही. द्राक्षवाल्याने आपल्या मालाचा रास्त भाव मागावा, आणि दुकान गावात हवे की नको हे गावातल्या बायांनी ठरवावे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. आड आणतात ते आपल्या सोयीसाठी.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. ब्रिक्स बागेत मोजा, शेतकऱ्याच्या मीटरवर आणि शेतकऱ्यासमोर. तोडणीची तारीख ठरल्यावर कंपनीने उशीर केला तर वजनातली घट कंपनीची. उत्पन्नावर मर्यादा असेल तर भाव एकरी. माल उचलला नाही तर बाग बदलण्याचा खर्च करारातच लिहा आणि त्याची हमी बँकेत ठेवा. आणि ज्या दहा-वीस शेतकऱ्यांना माराउसाँसारखे सामाईक तळघर काढायचे असेल त्यांचा परवाना सोपा करा. २००१ नंतर नाशिक भागात बागाइतदारांनी स्वतःच्या पुष्कळ लहान वाईनरी काढल्या. त्यांतल्या बऱ्याच बंद पडल्या, कारण वाईन करता आली पण विकता आली नाही. तळघर काढणाऱ्यांनी आधी त्या बंद पडलेल्यांकडे जाऊन बसावे. कुलूप का लागले ते त्यांच्याइतके कुणी सांगणार नाही.

जिल्ह्याच्या या बैठकीला ज्यांच्याकडे कंपनीचा करार आलेला आहे त्यांनी त्याची नक्कल बरोबर आणावी. दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांसमोर ओळ न् ओळ वाचू. आम्ही एका बागेतून कॅबर्नेचे दोन क्रेट आणणार आहोत. प्रत्येकाने चार मणी घ्यावेत, आणि बी थुंकू नये, चावावी.